सकाळी सातलाच लिहिलेलं ‘सर्व ठीक’

मला मदत केली ती एका निवृत्त नौसैनिकाने. हे आधीच लिहून टाकते. पुढचं लिहिताना मला राग येणार आहे, आणि रागात माणूस उपकार विसरतो. मी एकदा विसरलेच आहे. सिंदी मेघेतल्या चार इमारतींच्या त्या सोसायटीत सगळे त्यांना ‘नेव्हीवाले’ म्हणत. मी काकाजी म्हणायचे. वर्ध्यात मोठ्या माणसाच्या नात्याला ‘जी’ लावतात हे मी इथे येऊन शिकले. आमच्याकडे नुसतं काका.

आमच्याकडे म्हणजे समुद्राकाठी. नववीत माझी शाळा सुटली. आई बाजारात सुकी मासळी घेऊन बसायची आणि घरी धाकटी दोन भावंडं होती, तेव्हा शाळा कुणाची सुटणार हे आधीच ठरलेलं होतं. नवरा वर्ध्याचा. आमच्या बंदरावर बोटींना रंग द्यायला आला होता. लग्नानंतर चार वर्षांनी त्याची आई आजारी पडली म्हणून आम्ही इकडे आलो. सासू बरी झाली, आम्ही राहिलो. माहेर म्हणजे एक रात्र आणि वर अर्धा दिवस, इतकं लांब. गल्लीतल्या पोरांनी पहिल्याच महिन्यात माझं नाव ‘मासोई’ ठेवलं. इकडे मासळीला मासोई म्हणतात. सासूला ते आवडलं. शेजारणीला सांगायची, "इच्या हातच्या वरनालेबी खारा वास येते वो."

नोकरी एका एजन्सीमार्फत लागली. गेटवर, सकाळी सात ते संध्याकाळी सात. रात्री पुरुष गार्ड होता. दिवसा बाई हवी होती, कारण घरकाम करून जाणाऱ्या बायकांच्या पिशव्या तपासायच्या होत्या आणि त्या पुरुषाने तपासल्या तर ओरड होते. पिशवीत काय असायचं? शिळ्या पोळ्या, जुना फ्रॉक, अर्धी कोबी. मालकिणीने दिलंय म्हटलं की इंटरकॉमवर मालकिणीला विचारायचं. ती आंघोळीला गेली असेल तर बाहेर येईपर्यंत ही उन्हात उभी. दिवसाला वीस-बावीस जणी माझ्यासमोर पिशवी उघडत आणि पिशवीकडे न बघता माझ्याकडे बघत. वरच्या मजल्यांवरच्या लोकांना मी दिसतच नव्हते. या बायकांना जरा जास्तच दिसायचे.

सगळ्यांत जास्त वैर होतं ते दुसऱ्या इमारतीतल्या आजींना सांभाळणाऱ्या मुलीशी. विशीतली, कारंज्याकडच्या जंगलालगतच्या गावातली, गोंड. फोनवर आईशी आपल्या भाषेत बोलायची. मला वाटायचं, माझ्याबद्दलच बोलते. एकदा विचारलं तर म्हणाली, "हाव, तुलेच शिव्या देऊन राह्यली. समजत असन तं सांग." तिची पिशवी मागितली की ती माझ्या टेबलावर उपडी करायची. कंगवा, डोकेदुखीच्या गोळ्या, उष्टा पेरू. "पाह्य. पेरूच्या आत पाह्यतं का?"

तिच्या आजींचं मात्र माझ्याशी जमायचं. आजी आर्वी तालुक्यातल्या रोहण्याच्या. आयुष्यभर भाजीपाल्याची शेती केलेली बाई. मुलाने इथे आणलं तोवर डोक्यातले दिवस मागेपुढे झाले होते. रोज कधीतरी मुलीची नजर चुकवून लिफ्टने खाली यायच्या, हातात कापडी पिशवी. "पोरी, मले रोहण्याले जा लागते. भेंडी तोडाची राह्यली."

"आजी, बस गेली."

"दुसरी कधी हाय?"

"उद्या. नऊला."

उद्या नऊला म्हटलं की त्या मान हलवून परत फिरायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी हे गमतीत करायचे असं वरवर दिसायचं. पण बस विचारणाऱ्या माणसाला नाही म्हणणं मला जमत नव्हतं. मनातल्या मनात मीही रोज कुणालातरी बस विचारतच होते.

काकाजी चौथ्या इमारतीत तळमजल्यावर भाड्याने राहायचे. मूळ वर्ध्याचेच. सतरा-अठराव्या वर्षी नौदलात गेले, जहाजावर सिग्नलचं काम केलं, जगातली बंदरं पाहिली आणि म्हातारपणी परत आले. बायको गेलेली, मुलगी विशाखापट्टणमला. वर्ध्यात जहाजाचं कुणाला काय? पोरं विचारायची, "काकाजी, धाम नदीत चालते का हो तुमचं जहाज?" ते म्हणायचे, "पानी दाखव, चालवून दाखवतो." उन्हाळ्यात विचारणाऱ्याचं तोंड बंद व्हायचं.

पहाटे पाच ते सात ते लिहायचे. जाड वह्या, निळी शाई. वर्तमानपत्राला पत्रं पाठवायचे. एका दिवाळी अंकात त्यांचा लेख आला होता. तो अंक त्यांनी मला तीनदा दाखवला, तिन्ही वेळा पहिल्यांदाच दाखवतात तसा. रविवारी सकाळी ते पार्किंगमध्ये सतरंजी अंथरायचे. एक ऑटोवाला, सावंगीला नर्सिंग शिकणाऱ्या दोन मुली आणि, कामाला लागल्यावर दोन महिन्यांनी, गेटवर नजर ठेवून सतरंजीच्या कडेला बसणारी मी. प्रत्येकाने आठवड्यात पाहिलेली एक गोष्ट पानभर लिहून आणायची आणि वाचायची. पैसे नाहीत, चहा त्यांचा.

गोड बोलून शिकवणारा हा माणूस नव्हता. मी पहिल्यांदा वाचलं, ‘आमचा समुद्र फार सुंदर आहे.’

"कोनी सांगतलं?"

"मी पाहिलाय, काकाजी."

"पाह्यला तं सुंदर कायले लिहतं? मीबी पाह्यला. मले तं उलट्या झाल्या. तू काय पाह्यलं थे लिही."

सगळे हसले. मी वही मिटली. पुढचा आठवडा मी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मग लिहिलं, की मासळी उलथताना आई तोंडाला पदर बांधते आणि कावळे येऊ नयेत म्हणून काठीला काळी पिशवी लावते. एकदा वाऱ्याने पिशवी सुटली आणि कावळ्यांऐवजी आईच घाबरली. ते ऐकून काकाजी उठले. चहाचा पहिला कप मला दिला. त्यांच्याकडे शाबासकी ती एवढीच.

आता माझ्या चुकीचं सांगते.

गेटवर एक रजिस्टर असतं. दर तासाला एक ओळ लिहायची असते: किती वाजले, काय घडलं, सही. काही घडलं नसेल तर ‘सर्व ठीक’. कामाला लागले त्याच दिवशी रात्रीच्या गार्डने शिकवलं, "बाई, एकदाच लिहून मोकळं व्हा लागते." तो संध्याकाळी सातला बारा ओळी लिहायचा, मी सकाळी सातला बारा. मी सांगते, या धंद्यात बहुतेक सगळे हेच करतात. सुपरवायझर आठवड्याने येतो आणि ओळ रिकामी आहे का एवढंच बघतो. माझं आणखी एक कारण होतं, ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. सकाळी सातला गेटवर कुणी नसतं, तेव्हा माझं अक्षर नीट येतं. समोर माणूस उभा राहिला की वेलांट्या चुकतात, आणि नववीत शाळा सोडलेली बाई कागदावर सगळ्यांना दिसते.

एका दुपारी काकाजी पार्सल घ्यायला आले आणि रजिस्टर उघडं होतं.

"आता किती वाजले?"

"तीन."

"याच्यात तं सात वाजून गेले." त्यांनी चष्मा वर केला. "मी रात्री जेवलो का नाई, थे पाह्य बरं याच्यात."

मी हसायला गेले. ते हसले नाहीत. जहाजावर नोंदवहीत पुढची वेळ आधी लिहिणाऱ्याला काय करत, ते त्यांनी मला उभं करून सांगितलं. समोरून येणारी बोट वहीत नसते, ती पाण्यात असते, म्हणाले. दिसलं ते लिहायचं; वाटलं ते खाली, वेगळ्या ओळीत. चुकलं तर खोडायचं नाही, एक आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे अशी, आणि शेजारी सही. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पुन्हा बारा ओळी लिहिल्या. रविवारच्या वहीत खरं, गेटच्या वहीत ‘सर्व ठीक’. दोन वह्या वेगळ्या आहेत, असं मी स्वतःला समजावलं होतं.

मे महिना होता. या दिवसांत इथे घरोघरी वर्षाची वाळवणं होतात आणि बायका एकमेकींच्या गच्च्यांवर हात द्यायला जातात. आज तुझ्या कुरडया, उद्या माझ्या. सोसायटीच्या सेक्रेटरीच्या बायकोला मात्र आपल्या गच्चीवर हात हवे असायचे, दुसरीच्या गच्चीवर जायला वेळ नसायचा. म्हणून तिने मला बोलावलं. साडेआठ वाजले होते.

"ये वं वरतं. दोन मिनिटं. सोऱ्या फिरवाले कोनी नाई."

"गेटवर कुणी नाही, बाई."

"कोन चोर येऊन राह्यला एवढ्या उन्हात? ये."

ज्याने गव्हाच्या कुरडया केल्यात त्याला माहीत असेल, दोन मिनिटांत काही होत नाही. शिजवलेला चीक गरम असतो तोवरच सोऱ्यातून उतरतो. थंड झाला की दगड. एकदा हात घातला की पातेलं संपेपर्यंत उठता येत नाही. मी कापडावर कुरडई पाडत राहिले आणि सेक्रेटरीची बायको छत्रीखाली उभी राहून म्हणत राहिली, "लहान पाड. लहान. तुमच्याकडं काय माश्याच्या कुरडया करते का?" खाली आले तेव्हा सव्वानऊ झाले होते.

पावणेदहाला ती मुलगी धावत गेटवर आली. "आजी आलती का इकडं?"

मी म्हणाले, "नाही."

विचार केला नाही, रजिस्टरकडे बघितलं आणि म्हणाले. तिथे माझ्याच अक्षरात होतं: नऊ वाजता, सर्व ठीक.

मग सगळी सोसायटी शोधायला लागली. गेटवरचा कॅमेरा हिवाळ्यापासून बंद होता, तो दुरुस्त करायचा ठराव कुठेतरी पडून होता. काकाजींनी रविवारच्या ऑटोवाल्याला फोन केला आणि त्याने आपल्या स्टँडवरच्या चौघांना कामाला लावलं. दुपारी दीडला आजी सापडल्या. आर्वी नाक्याजवळ, एका बंद रसवंतीच्या मागे, भिंतीला टेकून. पायात चपला नव्हत्या. तळपाय भाजले होते. ऑटोवाल्याने तसंच सावंगीला दवाखान्यात नेलं. त्याने नंतर सांगितलं, रस्ताभर त्या एकच विचारत होत्या, नऊची बस गेली का.

आजी वाचल्या. सलाईनवर तीन दिवस होत्या, पण वाचल्या. हे मी आत्ता शांतपणे लिहिते आहे. त्या दुपारी मला ते माहीत नव्हतं.

चारच्या सुमारास सेक्रेटरी गेटवर आला. रजिस्टर मागितलं, वाचलं आणि त्याचा चेहरा सैल झाला. "बरोबर आहे. नऊ वाजता सर्व ठीक. मतलब इथून नाही गेली. मागच्या फाटकानं गेली. ती पोरगी सकाळी तिकडं फिरवते ना म्हातारीला? उघडंच ठेवलं असन." मग तो माझ्याशी आधी कधीच बोलला नव्हता इतक्या मऊ आवाजात बोलला. "तू टेन्शन घेऊ नको. जे लिहिलं तेच सांगजो. तुले कोनी काही म्हणणार नाही."

आणि मला बरं वाटलं. लाज वाटते, पण त्या क्षणी मला त्या माणसाचे आभार मानावेसे वाटले.

थोड्या वेळाने आजींचा मुलगा दवाखान्यातून आला. त्या मुलीला त्याने गेटवरच गाठलं. "उद्या दहाले मीटिंग. तिथून सीधं पोलीस ठाण्यात. माह्या मायले मुद्दाम सोडलं तुनं." ती म्हणत होती, फाटक लावलं होतं, मी स्वतः लावलं होतं. त्याने ऐकलं नाही. मी चार फुटांवर उभी होते.

साडेपाचला काकाजी आले. रजिस्टरला हात लावला नाही.

"नऊ वाजता कुठं होती?"

मी टेबल आवरायला लागले.

"कोपराले चीक वाळून हाय तुह्या." मी हात मागे घेतला. ते म्हणाले, "एक आडवी रेघ. खाली खरं. आजची तारीख, आत्ताची वेळ, सही."

"नोकरी जाईल, काकाजी."

"जाईन."

जाणार नाही असं ते म्हणतील, अशी मी वाट बघत होते. नाही म्हणाले. "तुम्ही सांगा ना मीटिंगमध्ये. तुमचं ऐकतील."

"तू वरतं गेली थे मी पाह्यलं नाई. पाह्यलं नाई थे कसं सांगू?"

मला त्यांचा इतका राग आला. हातातोंडाची गाठ पडत नसलेल्या माणसाला हा म्हातारा रेघा मारायला सांगतो. घरी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "कोनाच्या पोरीसाठी आपली चूल इझवतं का?" सासू प्रथमच माझ्या बाजूची झाली. म्हणाली, "गप राह्य. तोंड उघडलं का वास येते तुह्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी फक्त सातचीच ओळ लिहिली. त्याखाली पान पांढरं राहिलं.

मीटिंग पार्किंगमध्ये भरली. प्लास्टिकच्या खुर्च्या, चाळीसेक माणसं. ती मुलगी आणि मी, दोघी उभ्या. सेक्रेटरीने रजिस्टर उघडून ती ओळ मोठ्याने वाचली. मुलगी म्हणाली, "फाटक मी लावलं होतं." मागून कुणीतरी म्हणालं, "हे लोकं असेच असतात." आजींचा मुलगा तिच्यावर ओरडला, "तं काय रजिस्टर खोटं बोलते?"

मी म्हणाले, "हो."

मी ठरवलं नव्हतं. ती माझ्याकडे बघत होती. रोज पिशवी उघडताना बघायची तसंच, मी काय करणार हे तिला आधीच माहीत असल्यासारखं. त्या नजरेला मी वर्षभर कंटाळले होते. एवढंच कारण होतं, मोठं काही नाही.

सेक्रेटरी म्हणाला, "काय हो?" मी त्याच्या हातातून रजिस्टर घेतलं आणि गेटच्या टेबलावर नव्हे, तिथेच एका गाडीच्या बॉनेटवर ठेवून कालच्या नऊच्या ओळीवर आडवी रेघ मारली. मग लिहायला लागले. चाळीस माणसं समोर, अक्षर मुंग्यांसारखं. कुणीतरी म्हणालं, "हिले आता निबंध लिहाचा हाय." लिहून झाल्यावर मी वाचलं:

‘काल सकाळी नऊची सर्व ठीक ही नोंद मी सकाळी सात वाजता लिहिली होती. साडेआठ ते सव्वानऊ मी गेटवर नव्हते. सेक्रेटरीसाहेबांच्या गच्चीवर कुरडया घालत होते. आजी केव्हा गेल्या ते मी पाहिलं नाही. आजी रोज गेटवर येतात हे मला माहीत होतं. उद्या नऊला बस आहे असं मीच त्यांना रोज सांगत होते.’

वाचून रजिस्टर बॉनेटवरच उघडं ठेवलं.

मागून काकाजी उठले. "मागचं फाटक मी पाह्यलं होतं. म्हातारीले शोधाले मी तिकडूनच निघालो, दहाच्या आधी. कडी लागून होती, कुलूप होतं. कुलूप मले किल्ली आणून उघडा लागलं." त्यांनी माझ्या ओळींखाली तेवढंच लिहिलं आणि सही केली.

"काल का नाही बोलले?" सेक्रेटरीने विचारलं.

"काल कोनी इचारलं नाई. आनं काल मी बोललो असतो तं तुम्ही दुसरं फाटक शोधलं असतं."

"काकाजी, हे तुमचं जहाज नाही."

"नाई ना. जहाजावर कुरडया वाळत नाईत."

एक जण हसला, एकच. बाकी सगळे चवताळले. सेक्रेटरीची बायको मागून बोलायला लागली, "मी का हात धरून नेलं होतं हिले? सोताच आली कुरडईच्या आशेनं." बाहेरची बाई ठेवली तिथेच चुकलं, म्हणाले. गेटवर लिहायला शिकलेली बाई कशाला पाहिजे, म्हणाले. रविवारी पार्किंगमध्ये कोण कोण येतं, ऑटोवाले येतात, उद्या काही झालं तर जबाबदार कोण, असं एकाने काढलं आणि पाच मिनिटांत काकाजींची सतरंजी बंद करायचा ठराव झाला. कॅमेऱ्याचा ठराव सहा महिने पडून होता, हा पाच मिनिटांत झाला. एजन्सीला तिथूनच फोन गेला आणि माझं काम संपलं.

आजींचा मुलगा त्या मुलीला म्हणाला, "ठाण्यात नाई जात. पन उद्यापासून येऊ नको. दोघीबी नको."

ती पिशवी घेऊन गेटवर आली. मी टोपी काढून टेबलावर ठेवत होते.

"पाह्य ना," ती म्हणाली. "आज नाई पाहत?"

"नाही."

"काल काऊन नाई बोलली? काल दुपारपासून मी पानी नाई पेली. रातभर माय रडून राह्यली फोनवर, पोलीस येतीन म्हनून."  पिशवी काखेत मारून ती गेली. आभार मानले नाहीत. का मानावेत? तिच्या गळ्यात मीच अडकवलेलं मी एक दिवस उशिरा काढलं होतं.

काकाजी माझ्या मागोमाग आले होते. ते काही बोलायच्या आधीच मी सुरू झाले. काय मिळालं सांगा, म्हटलं. तिचं काम गेलं, माझं गेलं, सेक्रेटरीच्या कुरडया वाळतायत. "खरं बोलणं तुम्हाला परवडतं, काकाजी. तुम्हाला पेन्शन आहे. आम्ही बुडालो आणि तुम्ही काठावर उभं राहून अक्षर सुधारताय." आणखीही बोलले. त्यांच्या मुलीलाही ते नको आहेत म्हणून इथे एकटे पडलेत, असं म्हणाले. ते मला माहीत नव्हतं. लागावं म्हणून म्हणाले.

ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "पेन्शनचं बरोबर हाय. थे लिहून ठेव."

"तुम्हीच लिहा," मी म्हणाले, आणि निघाले. मागे बघितलं नाही.

तीन आठवडे घरी होते. सासू पुन्हा आपल्या बाजूला गेली. मग सावंगीच्या एका मेसमधून निरोप आला. विद्यार्थ्यांची मेस, तीन-चारशे ताटं. चालवणाऱ्या बाई कोठीसाठी माणूस शोधत होत्या. तेल, डाळ, कणीक आत किती आलं, बाहेर किती गेलं, ते लिहिणारी बाई. मला बघून म्हणाल्या, "तूच का थे रजिस्टरवाली?"

मला वाटलं, झालं, इथवर बोभाटा पोचला. म्हटलं, "हो."

"थे नेव्हीवाले म्हातारे तीन खेपा आलते तुह्यासाठी. सायकलनं. या उन्हात. मी म्हनलं, बाई कशी हाय? तं म्हने, तोंडाची तिखट, लिहाची सरळ. चूक केली तं सांगते. उशिरा सांगते, पन सांगते." त्या हसल्या. "मी म्हनलं, बाप्पा, चालते. लवकर सांगनारं कोनी भेटलंच नाई मले आजवर."

नंतर कळलं, त्याआधी ते आणखी चार ठिकाणी जाऊन आले होते. दोन ठिकाणी त्यांना गेटवरूनच परत पाठवलं. पंच्याहत्तरी ओलांडलेला माणूस, मे महिन्यात, सायकलवर, जिने त्यांना तोंडावर नको ते ऐकवलं तिच्यासाठी. आणि त्या मुलीलाही सावंगीत एका म्हाताऱ्या बाईंच्या सोबतीचं काम लागलं, तेही यांच्याच खेपांनी. ती मला कधीकधी मेससमोरच्या रस्त्यावर दिसते. बघते. बोलत नाही. बोलावं असं मी म्हणत नाही.

पहिल्या रविवारी सुट्टी घेऊन मी सिंदी मेघेला गेले. तळमजल्याला कुलूप होतं. गेटवरच्या नव्या गार्ड बाईने सांगितलं, काकाजींना त्यांची मुलगी येऊन घेऊन गेली. मी रजिस्टरकडे बघितलं. अकरा वाजले होते आणि पान सातपर्यंत भरलेलं होतं. तिला काही बोलले नाही. बोलायला हवं होतं.

ऑटोवाल्याकडून मुलीचा नंबर मिळाला. तो फोनमध्ये ठेवून मी पाच महिने काढले. रोज ठरवायचे, रोज नंबर काढून परत बंद करायचे. शेवटी या हिवाळ्यात लावला. मुलगी चांगली बोलली. ती आधीपासूनच त्यांना चल म्हणत होती, तेच येत नव्हते. अर्धांगाचा झटका येऊन गेला, म्हणाली. बोलणं स्पष्ट आहे, डोकं लख्ख आहे, पण उजवा हात उचलत नाही. पहाटे पाचला अजून उठतात, वही समोर ठेवून बसतात, सातला बंद करतात. मागे खोकण्याचा आवाज आला. "देऊ का त्यांना?" तिने विचारलं. मी फोन ठेवून दिला.  

पेन्शनचं वाक्य मी मागे घेणार नाही, काकाजी. ते खरं आहे, तुम्हीच तसं म्हणालात. मुलीबद्दलचं मागे घेते. ते फोनवर मागे घेण्यासारखं नाही. म्हणून लिहून देते: दिवाळीत मुलं घरी गेली की मेस बारा दिवस बंद असते. येत्या दिवाळीत नाही जमलं तर त्यापुढच्या. दोन गाड्या बदलून मी विशाखापट्टणमला येईन. आधी तुमच्यासमोर उभी राहून त्या वाक्याची माफी मागेन. मग पहाटे पाचला तुमच्या शेजारी बसेन. तुम्ही सांगा, मी लिहीन. तुमच्याजवळ जेवढं आहे तेवढं सगळं, बारा दिवसांत नाही झालं तर पुढच्या वर्षी पुन्हा. माझ्या वेलांट्या चुकतील, तुम्ही ओरडाल. ओरडा. तुमचा हात चालत नाही तोवर माझा वापरा. एवढी फेड मी करणार आहे.